बॉनेटखालच्या तारांचा बंदोबस्त

आजच्या कोणत्याही मोटारीचे बॉनेट उचलले असता इंजिनाच्या आधी नजरेत भरतो तो त्याच्याभोवती माजलेला पसारा: काळ्या नागमोडी नळ्यांतून धावणारे तारांचे जुडगे, बारीक रबरी नळ्यांच्या शाखा, फ्यूज व रिले यांची पेटी, बॅटरी, पाण्याच्या व ब्रेक ऑइलच्या बाटल्या, आणि या सर्वांना जागच्या जागी धरून ठेवणाऱ्या कड्या, पट्ट्या व क्लिपा. यातील प्रत्येक तार कोणत्या ना कोणत्या कामगिरीवर नेमलेली असते, हे खरे. तथापि कारखान्यात तिची वाट ठरविताना वेग, खर्च आणि जुळणीची सोय यांचाच विचार प्रामुख्याने झालेला असतो, आणि बॉनेट उघडून हौसेने आत पाहणाऱ्याच्या दृष्टीला त्या मसलतीत फारसे स्थान नसते. या तारा, नळ्या व पेट्या मडगार्डांच्या आतल्या पोकळीत, चासीच्या पट्टीखाली किंवा डॅशबोर्डच्या मागे नेऊन इंजिनकक्ष जवळजवळ निर्मळ करावा, आणि त्या मोकळ्या, रंगवलेल्या कोनाड्यात केवळ इंजिन उरावे, अशी एक कला गेल्या काही दशकांत मोटारींच्या शौकिनांत वाढीस लागली आहे. त्यांच्यात तिला ‘वायर टक’ म्हणतात. या कलेचा उगम, तिची रीत, तिच्यातील धोके आणि तिच्यावर घेतले जाणारे आक्षेप यांचा एकत्र विचार करण्याचा येथे हेतू आहे. आरंभीच माझे मत सांगून टाकतो: ज्या तारेची वाट बदलली तिची नोंद राहिली आहे किंवा नाही, आणि ती तार बिघडल्यास परक्या कारागिराचा हात तिथवर पोचतो किंवा नाही, या दोन कसोट्यांवरच या कामाचे मोल ठरवावे असे मला वाटते.

मुळात एवढ्या तारा आल्या कोठून, हे पाहिले पाहिजे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मोटारीचे दिवे पुष्कळदा ॲसिटिलीन वायूवर जळत, ठिणगीचे काम मॅग्नेटो सांभाळी, आणि इंजिन हँडल मारून सुरू करावे लागे; तारांचे राज्य तेव्हा चार-दोन जोडांपुरते मर्यादित होते. चार्ल्स केटरिंग यांनी सिद्ध केलेला विजेचा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीत बसला, त्याबरोबर बॅटरी व डायनामो यांचा अंमल कायम झाला, आणि पुढे हॉर्न, वायपर, हीटर, रेडिओ अशी एकेक खाती त्या अंमलाखाली येत गेली. तरीही इंजिनाचे स्वतःचे काम बहुतांशी यांत्रिकच राहिले होते. ती स्थिती पालटली १९६७ साली, जेव्हा बॉश कंपनीची डी-जेट्रॉनिक ही इलेक्ट्रॉनिक इंधनपद्धती फोक्सवॅगन १६०० मध्ये आली. हवेचा दाब, पाण्याचे तापमान, थ्रॉटलची स्थिती यांची वर्दी देणाऱ्या तारा आता खुद्द इंजिनातून निघू लागल्या. १९७० च्या अमेरिकी स्वच्छ हवा कायद्यानंतर धुराच्या नियंत्रणासाठी नळ्या आणि झडपा आल्या, १९९६ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारीस स्वतःच्या बिघाडाची नोंद ठेवणारी यंत्रणा सक्तीची झाली, आणि अशा रीतीने एकेकाळी ओंजळीत मावणारा हार्नेस, म्हणजे तारांचा सारा जुडगा, आता काही किलोमीटर लांबीच्या तारांचा एक अवजड अवयव होऊन बसला आहे.

इंजिनाकडे सौंदर्यदृष्टीने पाहण्याची परंपरा मात्र या पसाऱ्याहून जुनी आहे. एत्तोरे बुगाटी यांच्या मोटारींतील सरळ कडांची, सपाट पृष्ठांची, हाताने घासून नकसदार केलेली इंजिने ज्याने पाहिली असतील, त्यास बॉनेट हे झाकण नसून दालनाचे दार आहे असेच वाटले असेल. कॉव्हेंट्रीच्या जॅग्वार कंपनीने १९४८ साली आपले एक्सके इंजिन जगापुढे मांडले, तेव्हा त्याची रचना सामर्थ्यासाठी जितकी झाली होती तितकीच देखाव्यासाठीही; कंपनीचे चालक विल्यम लायन्स यांचा आग्रह होता की इंजिन दिसायलाही देखणे असावे, आणि त्या आग्रहाचे फळ म्हणजे त्यावरील आरशासारखी चकाकणारी दोन लांब झाकणे होत.

त्याच सुमारास अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर एक निराळी, लोकांच्या अंगणातून उपजलेली परंपरा जोर धरीत होती. जुन्या फोर्ड मोटारींत १९३२ पासून मिळू लागलेले व्ही-आठ इंजिन घेऊन त्याची ताकद वाढविणारे, मोटारीचे छत कापून खाली आणणारे आणि दरवाजांच्या मुठी, बॉनेटवरील चिन्हे व डिकीच्या कड्या काढून त्यांची भोके भरून टाकणारे कॅलिफोर्नियातील कारागीर हे या कलेचे खरे पूर्वज होत. बॅरिस बंधूंनी १९५१ सालच्या मर्क्युरी मोटारीवर बॉब हिरोहाटा यांच्यासाठी केलेले काम या पंथाचा आदर्श मानले जाते: तिच्यावर ‘काय जोडले’ यापेक्षा ‘काय काढले’ हे पाहण्यासाठी माणसे थांबत. ओकलंडच्या प्रदर्शनात १९५० पासून ‘अमेरिकेतील सर्वांत सुंदर रोडस्टर’ हा सन्मान देण्याची प्रथा पडली, आणि बॉनेटच नसलेल्या किंवा नेहमी उघडे ठेवलेल्या त्या गाड्यांत फायरवॉल, म्हणजे इंजिन आणि बैठक यांमधली लोखंडी भिंत, गुळगुळीत करून तारा तिच्यामागे नेणे हे ओघानेच आले.

ही दृष्टी होंडा मोटारींच्या शौकिनांपर्यंत कशी पोचली याचे उत्तर त्या मोटारींच्याच घडणीत सापडते. १९९१ साली बाजारात आलेली पाचव्या पिढीची सिव्हिक ही हलकी, स्वस्त आणि लहानशा इंजिनाची गाडी; तिच्याच घराण्यातल्या इंटेग्रा मोटारीत मात्र १९८९ पासून बी-१६-ए हे १,५९५ घनसेंटिमीटरचे, १६० अश्वशक्तीचे इंजिन मिळत होते, आणि ते फारशी तोडफोड न करता सिव्हिकमध्ये बसते हे शौकिनांच्या ध्यानात यायला वेळ लागला नाही. इंजिन बदलले म्हणजे तारा बदलणे आले, आणि एकदा हार्नेस हाती आला की कारखान्याने नेमून दिलेल्या वाटेनेच तो परत का न्यावा, हा प्रश्न त्यातूनच जन्मला. पुढे २००१ नंतरची के-मालिकेची इंजिने त्याच गाड्यांत उतरविली जाऊ लागली आणि या कामाची व्याप्ती आणखी वाढली.

आता प्रत्यक्ष रीतीकडे वळू. बॅटरीचा ऋण जोड सोडून संपूर्ण हार्नेस मोटारीबाहेर काढणे, प्लायवूडच्या मोठ्या फळीवर तो मोटारीत असतो त्याच आकारात पसरून फाटे फुटतात तेथे खिळे ठोकणे, प्रत्येक कनेक्टरला चिठ्ठी बांधणे आणि कारखान्याच्या सर्व्हिस मॅन्युअलातील वायरिंगच्या नकाशाशी एकेका तारेची रुजवात घालणे, ही या कामाची पहिली आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची पायरी. तीत घालवलेला वेळ पुढे दुपटीने परत मिळतो, आणि ती वगळणाऱ्यास पुढच्या प्रत्येक पायरीवर त्याची किंमत मोजावी लागते. काढून टाकलेल्या एअर कंडिशनरच्या किंवा न बसविलेल्या उपकरणांच्या ज्या तारा आता कोणत्याच कामावर नाहीत, त्या या वेळी ओळखून बरखास्त करता येतात, आणि पुष्कळदा निम्मा पसारा तेवढ्यानेच ओसरतो. उरलेल्या तारांपैकी इंजेक्टरांच्या व सेन्सरांच्या तारा इनटेक मॅनिफोल्डच्या पोटाखालून, अल्टरनेटर व स्टार्टर यांच्या जाड तारा चासीच्या पट्टीच्या कडेने, दिव्यांच्या तारा मडगार्डाच्या आतून, आणि फ्यूजची पेटी डॅशबोर्डखाली नेण्याचा सर्वसाधारण प्रघात आहे. जेथे तार पत्र्यातून पार होते तेथे रबरी ग्रॉमेट हवाच. तो नसेल तर पत्र्याची धार इंजिनाच्या कंपनाने तारेचे आवरण कातरीत जाते, आणि एके दिवशी उघडे पडलेले तांबे पत्र्याला टेकते. मडगार्डाच्या पोकळीत चाक पाणी व खडे उडवीत असते, म्हणून आतले प्लॅस्टिकचे अस्तर टाकून न देता तारा त्याच्यावर, चाकापासून दूर, घट्ट बांधून न्याव्या लागतात. यानंतर इंजिन उतरवून जुन्या कंसांची व क्लिपांची भोके वेल्डिंगने भरणे, घासणे आणि सगळा कक्ष नव्याने रंगविणे हा टप्पा येतो. तो डेंटिंग-पेंटिंगच्या कसबाचा भाग असल्याने त्यात येथे खोल शिरत नाही.

तारेची लांबी वाढली की विजेचा हिशेब बदलतो, आणि येथे हौशी माणसाची गफलत सर्वाधिक होते. बॅटरी इंजिनकक्षातून उचलून डिकीत ठेवण्याची चाल या पंथात सार्वत्रिक आहे. तिने पुढचा भार कमी होतो आणि मोठी जागा मोकळी होते. परंतु स्टार्टर फिरताना २०० अँपिअर प्रवाह मागत असेल, तर पाच मीटर लांबीच्या १६ चौरस मिलिमीटर तांब्याच्या केबलमध्ये एक व्होल्टहून थोडा अधिक दाब वाटेतच खर्ची पडतो. तीच केबल ३५ चौरस मिलिमीटरची घेतली तर हा खर्च अर्ध्या व्होल्टवर येतो. बाराच व्होल्टांच्या संसारात ही तफावत मामुली नव्हे. थंड सकाळी, अर्धवट उतरलेल्या बॅटरीवर, गाडी सुरू होणे न होणे तिच्यावर अवलंबून असते. शिवाय ही केबल संपूर्ण बैठकीखालून धावत असल्यामुळे तिचा फ्यूज बॅटरीच्या अगदी निकट असला पाहिजे. तो नसताना केबल कोठे घासून पत्र्याला टेकली, तर बॅटरीची सारी शक्ती त्या एका ठिकाणी उतरते, आणि गालिच्याखाली आग लागण्यास तेवढे पुरे होते.

उष्णतेचा विचार त्याहून सूक्ष्म आहे. साध्या पीव्हीसी आवरणाची तार सुमारे ८० ते १०५ अंश सेल्सिअसपर्यंत टिकते, क्रॉस-लिंक्ड पॉलिथिलीनची १२५ पर्यंत, आणि विमानविद्येतून आलेल्या ईटीएफई आवरणाची १५० पर्यंत. आता बी-मालिकेच्या इंजिनाचा एक्झॉस्ट रेडिएटरच्या बाजूस आणि इनटेक फायरवॉलच्या बाजूस असतो, तर के-मालिकेत ही मांडणी नेमकी उलट आहे. म्हणजे फायरवॉलच्या कडेने तारा नेण्याचा जो पाठ बी इंजिनावर निर्धोक ठरला, तोच के इंजिनावर गिरविणाऱ्याच्या तारा लालबुंद होणाऱ्या मॅनिफोल्डच्या शेजारी जाऊन बसतात. दुसऱ्याच्या मोटारीचे छायाचित्र पाहून तारांची वाट ठरविणे का धोक्याचे, याचा याहून स्पष्ट दाखला मला ठाऊक नाही.

अर्थिंगचे प्रकरणही असेच उपेक्षित राहते. कक्ष नव्याने रंगविताना पत्र्यावरील अर्थिंगच्या जागा रंगाखाली गाडल्या जातात, आणि इंजिनापासून चासीकडे जाणारी जाड पट्टी रंगावरच आवळली जाते. प्रवाहाला परतीची वाट तर हवीच. ती त्याला पट्टीतून मिळाली नाही तर थ्रॉटलच्या किंवा गिअरच्या पोलादी केबलमधून तो ती शोधतो, आणि केबल तापून आतल्या आत चिकटू लागते. दोष दिसतो थ्रॉटलमध्ये, मूळ असते रंगात. तसेच क्रँकशाफ्टची गती सांगणारा चुंबकीय सेन्सर जो क्षीण संकेत पाठवितो, तो इग्निशन कॉइलच्या किंवा अल्टरनेटरच्या तारेशी एकाच नळीत कोंबला तर त्यात बाहेरचा क्षोभ मिसळतो आणि इंजिन अकारण ठोके चुकवू लागते. कारखान्याने त्या तारेभोवती जाळीचे कवच दिलेले असते आणि तिची वाट निराळी ठेवलेली असते ती यासाठीच. दिसण्याच्या नादात ही विभागणी मोडणारे काम मला कधीही चांगले म्हणवत नाही.

जोड कसे करावेत यावर या क्षेत्रात जुना वाद आहे. डाख दिलेला जोड हाताला पक्का लागतो, परंतु वितळलेला डाख तारेच्या बारीक तंतूंतून पुढे चढतो आणि जेथे तो थांबतो तेथे ताठ व लवचीक भागांच्या सीमेवर कंपनाने तंतू तुटू लागतात. योग्य हत्याराने, योग्य मापाच्या टर्मिनलवर केलेले क्रिम्पिंग आणि त्यावर आतून डिंक असलेली उष्णतेने आवळणारी नळी, हा मार्ग विमानविद्येने मान्य केला आहे, आणि मोटारीच्या इंजिनकक्षासही तोच योग्य. अमेरिकेच्या नागरी विमान-प्रशासनाच्या विमानदुरुस्तीसंबंधी परिपत्रकात आणखी दोन गोष्टी सांगितल्या आहेत, त्या या विषयात फार मोलाच्या आहेत: एकाच जुडग्यातील जोड एकाच ठिकाणी न आणता मागेपुढे ठेवावेत, म्हणजे जुडगा तेथे फुगत नाही, आणि जोड अशा जागी असावा की वेळोवेळी त्याची तपासणी करता येईल. जेथे चूक म्हणजे मृत्यू, त्या खात्याने हा नियम केला आहे. वेल्डिंगने बंद केलेल्या पोकळीत जोड पुरून ठेवणाऱ्याने तो जरूर वाचावा.

या कसबाचे शिखर पाहायचे असेल तर शर्यतींच्या मोटारींकडे वळावे लागते. तेथील हार्नेसात तारा केवळ एकत्र बांधलेल्या नसतात. मध्यभागी एक, तिच्याभोवती सहा, त्यांच्याभोवती बारा, त्याबाहेर अठरा अशा थरांनी त्या वळलेल्या असतात, आणि प्रत्येक थराचा पीळ आधीच्या थराच्या उलट दिशेने असतो. अशा रीतीने ३७ तारांचा तो गोल दोर वाकवला तरी कोणत्याही एका तारेवर ताण येत नाही, कारण वळणाच्या आतल्या व बाहेरच्या बाजूंतून प्रत्येक तार आळीपाळीने जाते. वरून मऊ, तेलाला दाद न देणारी नळी चढते, टोकाशी दुसऱ्यांदा टर्मिनल बसवता येईल एवढी तार राखून ठेवलेली असते, आणि प्रत्येक फाट्यावर क्रमांक असतो. पैठणीची पारख करणारा जाणकार जसा पदर उलटून मागची बाजू पाहतो आणि दोन्ही अंगे सारखी दिसली म्हणजेच समाधान पावतो, तशी या कामाची पारख नळी कापून आतून करता येते. या हार्नेसात लपविण्याचा हेतू मुळी नसतोच. तरीही तो आकाराने इतका लहान आणि वाटेने इतका नेमका असतो की तो सहज नजरेआड जातो. मला हा क्रम, आधी शिस्त आणि मग अदृश्यता, या साऱ्या विषयाचा गाभा वाटतो.

जुन्या मोटारींचे पुनरुद्धारक मात्र या मार्गाच्या सर्वस्वी विरोधात आहेत, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. पेबल बीचसारख्या, १९५० पासून चालत आलेल्या स्पर्धांत परीक्षक मूळ कापडी विणीचे आवरण, मूळ क्लिपा आणि कारखान्याने आखलेली मूळ वाट यांचा शोध घेतात. तेथे तार लपविणे म्हणजे दस्तऐवजात खाडाखोड करणे होय. ब्रिटिश गाड्यांतील लुकास पद्धतीत बॅटरीकडून थेट येणारी तार तपकिरी, इग्निशनची पांढरी, इग्निशननंतर फ्यूजमधून गेलेली हिरवी आणि अर्थिंगची काळी असे रंग ठरलेले आहेत. जर्मन मानकात ३० म्हणजे बॅटरीचा धन, १५ म्हणजे इग्निशन, ३१ म्हणजे अर्थिंग. रिलेच्या पोटावरील ८५, ८६, ८७ हे आकडे आपल्याकडच्या मोटार इलेक्ट्रिशियनलाही पाठ असतात. ही लिपी परक्या कारागिरास परकी मोटार वाचू देते. हार्नेस लांबविताना हाताशी असलेल्या एकाच लाल तारेने सगळे जोड देणारा माणूस ती लिपी पुसून टाकतो, आणि हा अपराध मला तार लपविण्यापेक्षा पुष्कळ मोठा वाटतो.

मोटारकंपन्यांनी स्वतः नव्वदीच्या दशकापासून इंजिनावर प्लॅस्टिकची मोठी झाकणे बसविण्यास सुरुवात केली. पसारा त्याखाली तसाच असतो. त्याविषयी अधिक लिहिण्याजोगे काही नाही.

कायद्याची बाजू मात्र सोडून चालणार नाही. कॅलिफोर्नियात १९७६ व त्यानंतरच्या पेट्रोल मोटारींच्या ठरावीक मुदतीने होणाऱ्या धूरतपासणीत बॉनेट उघडून धूरनियंत्रणाचे सर्व भाग जागेवर आहेत की नाहीत हे डोळ्यांनी पाहिले जाते. तेथे पेट्रोलची वाफ शोषणारा कोळशाचा डबा ‘पसारा’ म्हणून काढून टाकणारा माणूस सौंदर्याची सबब सांगू शकत नाही, आणि शहराच्या हवेचा विचार करता ती सांगूही नये. आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम नोंदणीपत्रातील तपशिलाशी विसंगत ठरेल अशा फेरबदलास मनाई करते, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये त्याचा अर्थ कडकपणे लावला. केवळ तारांची वाट बदलण्याने नोंदणीपत्रातील कोणताही रकाना बदलत नाही; परंतु त्याबरोबर इंजिन बदलले तर बदलतो. नव्या गाडीचा हार्नेस कापला म्हणजे वॉरंटीही धोक्यात येते. काही शौकीन जागा मोकळी करण्यासाठी ब्रेकची एबीएस यंत्रणाच काढून टाकतात. रस्त्यावर चालणाऱ्या मोटारीत हे करू नये, असे मी निःसंदिग्धपणे म्हणेन. एअरबॅगच्या पिवळ्या जोडांनाही हात लावू नये.

महाराष्ट्रात ही कला अद्याप तुरळक आहे, परंतु तिच्यासाठी लागणारे कसब येथे जुने आहे. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेल्या प्रीमियर पद्मिनीत कार्बोरेटरचे १,०८९ घनसेंटिमीटरचे इंजिन होते आणि तारा इतक्या मोजक्या की हुशार वायरमन त्यांचा सारा हिशेब डोक्यात ठेवी. त्याच सवयीने काही गॅरेजांत आजही नोंद न करता तार कापली जाते, आणि संगणकाने चालणाऱ्या मोटारीत ती सवय महागात पडते. आपल्या हवामानाच्याही मागण्या आहेत. कोकणातल्या पावसात कनेक्टरच्या रबरी सीलची कसोटी लागते, आणि पावसाळ्यात उबेसाठी इंजिनकक्षात शिरणारे उंदीर तारा कुरतडतात हा अनुभव येथे घरोघरी आहे. बंद पोकळीत नेलेली तार उंदरास निवांतपणे मिळते, आणि कुरतडलेली जागा मालकास मात्र दिसत नाही. म्हणून येथे हे काम करणाऱ्याने पोकळीची तोंडे जाळीने बंद करावीत, वर तपासणीसाठी उघडणारे झाकण ठेवावे, आणि बदललेल्या वायरिंगचा नकाशा काढून तो गाडीच्या कागदपत्रांसोबत दप्तरी ठेवावा. गाडी विकली गेली तर तो नकाशाही तिच्याबरोबर गेला पाहिजे.

पुढच्या काळात या प्रश्नाचे स्वरूपच पालटणार अशी चिन्हे आहेत. बॉशने १९८६ साली जाहीर केलेल्या कॅन पद्धतीने पिळलेल्या दोन तारांवरून अनेक यंत्रांना परस्परांशी बोलणे शक्य केले. त्याच दिशेने पुढे जाऊन काही नव्या मोटारींत प्रत्येक कोपऱ्याला स्वतंत्र नियंत्रक देण्यात आला आहे, म्हणजे लांब तारांची संख्याच घटते. टेस्लाच्या सायबरट्रकने बाराऐवजी ४८ व्होल्टांचा अवलंब केला. तेवढ्याच शक्तीला तेथे चौथा हिस्सा प्रवाह पुरतो आणि तार बारीक होते. ज्याला तारा लपवायच्या आहेत त्याचे निम्मे काम अशा रीतीने कारखानाच करून ठेवील. मात्र विजेवर चालणाऱ्या मोटारीत मुख्य बॅटरीच्या केबलींना या हौशीतून सर्वस्वी वगळले पाहिजे. ६० व्होल्टांहून अधिक दाबाच्या ज्या केबली पेटीबाहेरून जातात, त्यांचे बाह्य आवरण नारिंगी असावे असा संयुक्त राष्ट्रसंघाच्या शंभराव्या नियमावलीचा दंडक आहे, आणि तो अशासाठी की अपघातानंतर धावून आलेल्या माणसाला, कटर हाती घेण्यापूर्वी, ती तार दुरूनच दिसावी.